एका शेळीची दोन माणसं

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर नीलनं मला विचारलं, “आजी, तू खरंच डेटाबेसवर काम करायचीस? ईटला?” त्याला ‘डेटाबेस’चं नवल नव्हतं, ‘ईट’चं होतं. मागून त्याची बहीण सई म्हणाली, “शेळ्यांचा डेटाबेस!” आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. हसा. मेलबर्नहून भूम तालुक्यातलं आपलं ईट गाव दिसत नाही आणि तिथून शेळी म्हणजे चित्रातला प्राणी, हे मी समजू शकते. पण त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच देऊन टाकू. तुमची आई वाचून दाखवील. बाकीच्या वाचकांनी आमच्या घरात थोडं डोकावल्यासारखं होईल, ते चालवून घ्यावं.

आधी शेळीबद्दल. आपल्या जिल्ह्याची शेळी काळीभोर, लांब कानांची आणि बहुतेक वेळा जुळी करडं देणारी. जिल्ह्याच्या जुन्या नावावरून तिला उस्मानाबादी म्हणतात. ही जात टिकवायची तर एक पथ्य पाळावं लागतं. एकच बोकड एका गावात वर्षानुवर्षं राहिला, तर त्याच्याच लेकी त्याच्याकडे येतात आणि पुढची करडं अशक्त निपजतात. म्हणून कुठली शेळी कुणाची लेक, कुठला बोकड कुणाचा बाप, हे लिहून ठेवावं लागतं आणि बोकड वेळेवर दुसऱ्या गावाला हलवावा लागतो. ईटला एका लहानशा संस्थेचं शेळी केंद्र होतं, ते हेच काम करी. केंद्राचे प्रमुख जनावरांचे डॉक्टर होते. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो.

मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. माझे वडील हैदराबादला नोकरीला होते, त्यामुळं माझं शिक्षण तिथल्या इंग्रजी शाळेत झालं आणि पुढं इंग्रजी घेऊन बी.ए. लग्न होऊन ईटला आले. त्या इंग्रजीचा उपयोग देणगीदारांना पत्रं लिहिण्यापलीकडे काही होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग नव्वदच्या दशकात एका देणगीदारानं केंद्राला कॉम्प्युटर दिला. सोलापूरहून एक गृहस्थ आले, फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेसमध्ये शेळ्यांचा तक्ता तयार करून, चहा पिऊन निघून गेले. यंत्राला सांगायचं ते सगळं इंग्रजीत टाइप करावं लागे. डॉक्टरसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

“बाई, त्याला इंग्रजीच कळतं म्हणे. तुम्हीच बोला त्याच्याशी.”

अशी मी डेटाबेसवाली झाले.

डेटाबेस म्हणजे काही गूढ नाही. आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला तक्ता. एक ओळ म्हणजे एक शेळी. रकान्यात तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, रंग, आई, बाप, गाव, मालक. कागदावरही हे करता येतं. फरक इतकाच, की कागदाला प्रश्न विचारला तर तो गप्प बसतो. ‘या बोकडाच्या ईटमधल्या लेकी दाखव’ असं विचारलं की हा तक्ता त्या एकाखाली एक मांडून दाखवतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. आमचा शिपाई लिंबाजी घाबरून म्हणाला, “काय झालं? करंट बसला का?”

लिंबाजीची त्या यंत्रावर भक्ती होती. खंडेनवमीला आपल्याकडे कामाच्या साधनांची पूजा करतात. त्यानं कॉम्प्युटरला झेंडू वाहिला, हळद-कुंकू लावलं. तिथवर ठीक होतं. पण फ्लॉपी घालायची फट उघडी दिसली, म्हणून त्यानं तिच्यातही हळद-कुंकवाच्या अक्षता टाकल्या. “सणाचं त्याचंच तोंड रिकामं कसं ठेवायचं, बाई?” पुढचे कितीतरी दिवस मी केसांच्या पिनेनं एकेक तांदूळ बाहेर काढत होते आणि लिंबाजी शेजारी उभा राहून विचारत होता, “अजून हायेत का?”

खरी अडचण यंत्राची नव्हतीच. माणसं आपल्या शेळ्या किती ते सांगत नसत. जितराब मोजून दाखवलं की दृष्ट लागते, ही आपल्या भागातली समजूत. धुळाबा नावाचे एक मेंढपाळ होते. त्यांच्या मागं ओढा भरून शेळ्या-मेंढ्या उभ्या असायच्या आणि ते मला सांगायचे, “हायेत की चार-दोन.” सगळ्यांचं उत्तर तेच. त्या हिशोबानं तालुक्यात दर घरी चार-दोनच शेळ्या होत्या.

मी विचारायची पद्धत बदलली. म्हटलं, “धुळाबा, किती ते नकाच सांगू. शेळ्यांची नावं सांगा.” हे त्यांना एकदम पटलं. “ही बांडी. ही तिची लेक, काळी. ही भुरी, लई खोडसाळ.” मी एकेकीचं नाव लिहीत गेले, बिल्ला मारणारा बिल्ले मारत गेला. शेवटी त्यांनी संशयानं विचारलं, “म्या मोजलं न्हाय बरं का. तुमी मोजलं का?”

“मीही नाही मोजलं.”

“मंग कोण मोजतंय?”

“यंत्र.”

“त्याला लागू द्या मंग दृष्ट,” म्हणून ते निर्धास्तपणे निघून गेले. त्या वर्षी यंत्र दोनदा बंद पडलं, तेव्हा लिंबाजीनं धुळाबांना बरंच ऐकवलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

केंद्राचा एक जातिवंत बोकड दरवर्षी गावात कुणाकडे तरी सांभाळायला दिला जाई. तो ज्याच्या दारात, त्याच्या शेळ्यांना उत्तम करडं होत, आणि आसपासची माणसं आपल्या शेळ्या घेऊन त्याच्या दारी येत. गावात शब्दाला वजन येई. पूर्वी हा बोकड डॉक्टरसाहेबांच्या मनाप्रमाणं जाई आणि मग रुसवेफुगवे होत. कॉम्प्युटर आल्यावर साहेब म्हणाले, “आता भांडणच नको. ज्याच्या शेळ्यांची करडं सगळ्यात चांगली जगली-वाढली, त्याचं नाव यंत्रातून काढा. बोकड त्याला.”

मी यादी काढली. वर नाव आलं गुरुजींचं, म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांचं. त्यांच्या खाली दवाखान्यातले कंपाउंडर, मग पानपट्टीवाला. गावात कुणी यांना शेळीच्या जवळ उभं असलेलं पाहिलं नव्हतं. गुरुजी तर शेळी दिसली की धोतर सावरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जात.

गोष्ट अशी होती, की आपल्याकडे शेळ्या अर्धेलीनं देतात. एकानं शेळी विकत घ्यायची, दुसऱ्यानं ती चारायची, सांभाळायची, तिचं बाळंतपण करायचं. करडं दोघांनी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. शेळी मात्र मालकाच्याच नावावर. गुरुजींच्या, कंपाउंडरच्या, पानपट्टीवाल्याच्या अशा सगळ्या शेळ्या एकीच्याच दारात होत्या. तिचं नाव शेवंता. वयानं माझ्याच बरोबरीची. नवरा वर्षातला बराच काळ ऊसतोडीला ढोकीच्या साखर कारखान्याकडे असायचा, आणि ती दिवसभर रानात. सोलापूरच्या गृहस्थांनी तक्ता करताना ‘मालक’ हा एकच रकाना ठेवला होता. त्यांना कुणी अर्धेलीचं सांगितलं नसणार.

यादी लागली त्या दिवशी शेवंता केंद्रात आली. हातात काठी, खांद्यावर घोंगडं.

“बाई, बोकड माझ्याकडं येनार न्हवं का? सगळी म्हनत हुती.”

“यादीत तुमचं नाव नाही, शेवंताबाई.”

“नीट बगा की. त्यात मी आसंनच.”

तिच्या समाधानासाठी मी तिचं नाव टाइप करून शोधलं. पडद्यावर उत्तर आलं, की अशी नोंद सापडत नाही.

“काय म्हनतंय?”

“तुम्ही नाही म्हणतंय.”

मग यंत्राकडे वाकून, बहिऱ्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, “आरं, मी हितं हुबी हाय की!”

लिंबाजी हसला. मला हसू आलं नाही. तिलाही नाही. ती घोंगडं सारखं करून म्हणाली, “बोकड ऱ्हाऊ द्या. पर ज्या शेळ्या म्या पोरीसारख्या वाढवल्या, त्यातल्या एकीलाबी मी ठाऊक न्हाय, आसं कसं?” आणि निघून गेली.

त्या काळच्या टेबलावरच्या डेटाबेसची एक गोष्ट आजच्या मुलांना सांगून खरी वाटत नाही. तो माझ्या टेबलावर होता, म्हणून माझा होता. कुणाची परवानगी नको, कुणाला पत्र नको. पुस्तक उघडून बघितलं, एक आज्ञा टाइप केली आणि त्याच दुपारी तक्त्यात नवा रकाना उभा राहिला: ‘सांभाळणारी व्यक्ती’. बी.ए.ला कविता शिकलेली बाई हे करू शकत होती. डॉक्टरसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, “रकाना केलात, पण भरणार कसा? मालक लोक नावं लावू देतील का?”

बरोबर होतं त्यांचं. मी आधी गुरुजींकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि मान हलवली.

“बाई, तुम्ही शहरातल्या. तुम्हाला कळायचं नाही. कागदावर नाव लागलं की उद्या ती म्हणणार, शेळी माझीच.”

“गुरुजी, हजेरीपटावर मुलांची नावं असतात. म्हणून शाळा मुलांची होते का?”

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “द्या की लावू. आजवर एकदा तरी शेळीला पाला घातलाय का तुम्ही?”

गुरुजी हसले. “एकीकडे इंग्रजी शिकलेली, दुसरीकडे ही. मी कुठं पुरा पडणार? लावा नाव.” गुरुजींनी लावलं म्हटल्यावर कंपाउंडरनं लावलं, मग पानपट्टीवाल्यानं. मी सांभाळणाऱ्यांच्या नावानं यादी काढली आणि त्या वर्षीचा बोकड शेवंताच्या दारात गेला. त्याला न्यायला ती नवं लुगडं नेसून आली होती.

पुढं खूप काही बदललं. फॉक्सप्रो बनवणं बंद झालं, मग मी सगळ्या शेळ्या ॲक्सेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेल्या. तिथं रंगीत बटणं होती, मराठी अक्षरं होती. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा माझ्यानंतर आलेल्या क्लार्कनं एका आज्ञेत सगळीकडचं जुनं नाव काढून नवं घातलं, आणि त्या झपाट्यात शेळीची जातही ‘धाराशिवी’ होऊन गेली. डॉक्टरसाहेबांनी ते पाहून कपाळाला हात लावला. जात पुन्हा जुन्या नावानं लिहायला मला निवृत्तीनंतर एकदा जाऊन बसावं लागलं. पण ‘सांभाळणारी व्यक्ती’ हा रकाना या सगळ्यातून सुखरूप पार पडला होता.

गेल्या उन्हाळ्यात केंद्रानं ठरवलं, की टेबलावरचा डेटाबेस आता बंद. सगळी माहिती ऑनलाइन ठेवायची, मोबाइलवरून भरायची. हे व्हायलाच हवं होतं. एका खोलीतल्या एका यंत्रात तालुक्याच्या शेळ्या कोंडून ठेवण्यात काय अर्थ आहे? यंत्र बिघडलं तर सगळंच जाणार. आणि ते चालवायला माझ्यासारखं माणूस दरवेळी कुठून आणणार? पुण्याहून निखिल नावाचा मुलगा आला. हुशार, नम्र, आल्या आल्या पाया पडला. जुन्या रकान्यांचे अर्थ सांगायला त्यांनी मला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी यादी दाखवली. पहिलं नाव कंपाउंडरचं. आता ते निवृत्त होऊन भूमला राहायला गेले आहेत. शेवंताचं घर यादीत पार तळाशी होतं, स्वतःच्या थोड्या शेळ्यांपुरतं.

“निखिल, सांभाळणाऱ्यांचा रकाना कुठं गेला?”

“आजी, एकेका शेळीला दोन-दोन माणसांची नावं होती. आम्हाला वाटलं चुकून दोनदा भरलंय. प्रोग्रॅमनं डेटा साफ करताना एकच ठेवलं.”

“परत घाल मग.”

त्यानं अडचण सांगितली. हे सॉफ्टवेअर बऱ्याच जिल्ह्यांसाठी एकच आहे. रकाना वाढवायचा तर पुण्याला विनंती पाठवायची, तिथं ती मंजूर व्हायची, मग पुढं कधीतरी. तोवर दुसऱ्या नावाची नोंद ‘शेरा’ म्हणून लिहून ठेवता येईल. पण शेऱ्यावरून यादी निघत नाही. आणि या यादीवरून महिन्याअखेर बोकड जाणार होता. शेवंता आता थकली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. शेळ्या तिची सून सोनाली बघते. नवऱ्याचं ऊसतोडीचं काम सुटावं, त्यानं घरी राहून शेळ्याच कराव्यात, म्हणून ती या बोकडाची वाट बघत होती.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, सकाळी शेळ्या बघायला चल. सोनालीच्या गोठ्यात त्याला एक दुभती शेळी दाखवली आणि म्हटलं, “तुझ्या यादीत हिचा मालक कोण आहे, त्याला फोन लाव आणि हिची चौकशी कर.”

त्यानं कंपाउंडरना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

“काका, तुमच्या शेळीबद्दल विचारायचं होतं. मागच्या वेळी किती करडं झाली?”

“शेळी? व्हय, हाय की शेळी. करडं… झाली की. चांगली झाली.”

“लस कधी दिली?”

“दिली आसंल. आवो, ते सगळं शेवंताच्या सुनंला इचारा ना. मला काय ठावं?”

सोनाली तोंडाला पदर लावून हसत होती. बाजेवरून शेवंता मोठ्यानं म्हणाली, “त्यांना म्हनावं, शेळी बरी हाय, तुमची तब्येत सांभाळा!” कंपाउंडर पलीकडून म्हणाले, “कोण, शेवंता का? अगं, दूध पाठव की कधीतरी!” मग दोघांची खुशाली विचारणं सुरू झालं आणि निखिलचा मोबाइल बराच वेळ शेवंताकडेच राहिला.

केंद्रात आल्यावर त्यानं पुण्याला फोन लावला. बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत कुणाशी तरी हुज्जत घातली. मी बाहेर गेले नाही. आठवड्यानं त्यानं मला जे दाखवलं, ते माझ्या रकान्यापेक्षा चांगलं होतं, हे मी मोकळ्या मनानं सांगते. त्यानं शेळ्यांचा तक्ता वेगळा केला, माणसांचा वेगळा, आणि मध्ये तिसरा तक्ता ठेवला: कुठल्या माणसाचं कुठल्या शेळीशी काय नातं. एका शेळीला हवी तितकी माणसं जोडा. विकत घेणारा, चारणारी, धार काढणारी, रात्री राखण करणारा. मी एवढी वर्षं एका रकान्यात एकच नाव बसवत होते, तिथं त्यानं अख्ख्या घराला जागा केली. मला फक्त एवढंच वाटतं, की हे करायला त्याला पुण्याला हुज्जत घालावी लागली. उद्या ईटमधल्या कुणाला नवा रकाना सुचला, तर तिच्या वतीनं हुज्जत कोण घालणार? नील, तू हेच शिकतो आहेस. कुठं नोकरीला लागलास, की एवढं बघ: ज्यांची माहिती आहे, त्यांना ती बदलता आली पाहिजे.

नव्या यादीत सोनालीचं नाव सगळ्यात वर आलं आणि बोकड तिच्या दारात गेला. पण मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

केंद्रानं बायकांना मोबाइलवर नोंदी भरायला शिकवलं. सोनाली माझ्या शेजारी बसून आपल्या शेळ्या भरत होती. अर्ध्या वाट्यातून वाढत वाढत आता काही शेळ्या तिच्या स्वतःच्या झाल्या आहेत. मालक सोनाली, सांभाळणारी सोनाली, असं तिचं भराभर चाललं होतं. मग तिचा अंगठा थांबला. यातल्या दोन शेळ्या तिनं वस्तीवरच्या राधा नावाच्या मुलीला अर्धेलीनं दिल्या होत्या. राधाचं नुकतंच लग्न झालेलं. पडद्यावर प्रश्न होता: सांभाळणारी व्यक्ती?

सोनालीनं हळू आवाजात विचारलं, “बाई, हे भरायलाच पायजे का? दोनच तर हायेत. माझं घातलं तर चालंल की. उगं फुडं-मागं ती म्हनायची…”

ठरवायचं तिनंच होतं. भिंतीला टेकून बसलेल्या शेवंतानं विचारलं, “काय झालं गं? का थांबली?”

“काय न्हाय, आत्या.”

“राधाचं आलं का?”

सोनालीचा अंगठा तसाच पडद्यावर होता. शेवंतानं बसल्या जागी आपले पाय पोटाशी ओढून घेतले आणि वाट बघत राहिली. बाहेर बोकड ओरडत होता. बाकीच्या बायकांचं आपापसांत चाललं होतं. मग सोनालीनं त्याच मोबाइलवरून नंबर लावला.

“राधा, तुजं पुरं नाव सांग गं… कशाला म्हंजे? हितं लिवायचंय… आगं, नवऱ्याचं न्हाय! शेळ्या तो चारतोय का तू? मंग तुजं सांग… हां. सावकाश. मी लिवायलेय.”